नमुन्याप्रमाणे नसलेली चूल

सुगंधाबाई, गावातल्या बायका आता तुमच्याविषयी चांगलं बोलू लागल्या आहेत. काल विहिरीवर एकजण म्हणत होती, "बाईच्या हाताले माती आयकत होती." बाकीच्यांनी माना हलवल्या. ह्याच बायका आषाढात तुमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जायच्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरात पुन्हा धूर कोंडला तो माझ्यामुळे. शिव्या मात्र तुम्हाला बसल्या, आणि मी गावचा ग्रामसेवक असून त्या बसू दिल्या.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. रोज ऑफिस उघडतो, टेबलाशी बसतो, आणि तुमच्याशी बोलायचं राहिलेलं मनात सुरू होतं. जिवंतपणी तुमच्यासमोर मला बोलता आलं नाही. तुमच्या समोर बसून खोटं मात्र बोललो. तेच आज लिहायचं आहे.

निर्धूर चुलीची योजना आली तेव्हा मला एका बाईचं नाव पाठवायचं होतं. गडचिरोलीला दहा दिवसांचं प्रशिक्षण, मग गावात घरोघरी चुली बसवायच्या, साहित्यावर सरकारी अनुदान. ज्यांच्याकडे जनावरं होती त्यांना गोबर गॅसचं अनुदान मिळत होतं. तुमच्यासारख्यांकडे ना गाय ना बैल, त्यांच्यासाठी ही चूल. मी चार घरी विचारलं. कुणाचा नवरा नाही म्हणाला, कुणाचा सासरा. तुमच्या घरी ना नवरा होता ना सासरा. म्हातारी सासू भागाबाई तेवढी ओसरीत बसलेली. तिला धड दिसत नव्हतं. मी योजना समजावून सांगत होतो आणि तुम्ही मला मधेच तोडलं.

"धूर खरंच बाहीर जाते का साहेब?"

"जातो. पाइपातून सरळ वर."

"मंग लिवा माझं नाव. माझ्या सासूचे डोळे धुरानं गेले. माझेबी जातीन."

तुम्ही नाव स्वतः लिहिलंत. तिरकी अक्षरं, पण सही स्वतःची. अंगठ्याचं पॅड मी पुढे सरकवलं होतं, ते तुम्ही बोटानं बाजूला केलंत. मी ओशाळलो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दहा दिवसांनी साच्याचं ओझं घेऊन एसटीतून उतरलात. पत्र्याचा साचा, सिमेंटचा एक पाइप आणि नकाशाचा कागद. मला वाटलं होतं, तुम्ही दमलेल्या असाल. तुम्ही तर रस्त्यातच भांडायला सुरुवात केलीत. "भाऊ, हा साचा आमच्या गंजाचा नाई. एवढ्याशा तोंडावर मोठ्या बुडाचा भाताचा गंज कसा बसन? अन् पाइप पाह्यला का? लहान घराचा हाय हा."

'साहेब'चा 'भाऊ' कधी झाला ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "बाई, शिकवलं तसं करा."

तुम्ही तसं केलं नाहीत. संक्रांतीच्या सुमारास मला घरी बोलावलंत तेव्हा मी तुमचं घर ओळखलं नाही. तुमच्या सासऱ्यानं बांधलेलं ते जुनं मातीचं घर. दोन खोल्या, छपरावर मातीचे कवेलू, आतली खोली दिवसाही इतकी काळोखी की पहिल्यांदा आलो तेव्हा मी मडक्याला ठेचाळलो होतो. आता त्या खोलीत उजेड होता. दोन कवेलू काढून तिथं तुम्ही काच बसवली होती. घरामागच्या सांदवाडीकडच्या भिंतीला वळचणीखाली हातभर झरोका पाडला होता. चूल कोपऱ्यातून उठून त्या भिंतीला आली होती. चुलीचं तोंड रुंद, मागचं दुसरं तोंड पुढच्याच्या जवळ. आणि सिमेंटच्या पाइपावर कुंभाराकडून भाजून आणलेले दोन मातीचे नळे, एकावर एक, सांधे मातीनं लिंपलेले, थेट आढ्याच्या वर.

"हे काय केलं?"

"वारा आढ्यावरून खाली येते भाऊ. पाइप आढ्याच्या खाली राह्यला, तर वारा धूर मांगं लोटते. म्हणून चढवला."

शेजारच्या खोलीवर तुम्ही बांबूचा तट्ट्या अंथरून वर चिखल आणि भाताच्या तणसाचा जाड थर दिला होता. उन्हाळ्यात कवेलू तापले तरी खाली झळ येऊ नये म्हणून. मी म्हणालो, योजनेत फक्त चूल आहे, हे बाकीचं कशाला? तुम्ही हसलात. "चूल का घराच्या बाहीर बसते भाऊ? घर नीट नसन तर चूल एकटी काय करन?"

त्यावर आपण बराच वेळ भांडलो. योजना चुलीची आहे, घराची नाही, हे मी तुम्हाला तीनतीनदा सांगितलं. तुमचं म्हणणं होतं, घराचा धूर, घराचा उजेड, घराची ऊब आणि गारवा हे सगळं एकच काम आहे, सरकारनं कागद वेगवेगळे केले म्हणून ते वेगळं होत नाही. भांडण तेव्हा संपलं नाही. आता माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या दिवशी तुम्ही भात शिजवलात, वांग्याची भाजी केलीत, आणि मी त्या खोलीत बसून जेवलो. चुलीशेजारी बसून. धूर नव्हता. भागाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सुगंधे, चूल पेटली नाई का अजून?" तुम्ही तिचा हात धरून चुलीच्या अंगाला लावलात. ऊब लागली तसा तिनं हात झटकन मागं घेतला आणि मग दोघी कितीतरी वेळ हसत होतात. पूर्वी तीन दिवस पुरणारी मोळी आता आठवडा पुरते, असंही तुम्ही सांगितलंत. मी मूल गावचा माणूस. इथं एकटा राहतो, माझं रॉकेलच्या स्टोव्हवर भागतं. शनिवारी घरी गेलो की बायको वाढते. मोळी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही पहाटे निघून जंगलातून डोक्यावर काय आणत होतात, ते मी बघत होतो, पण मोजलं कधीच नाही.

शिमग्यापर्यंत तुम्ही अकरा घरं केलीत. प्रत्येक घर वेगळं. कुणाचं आढं उंच तर तीन नळे, कुणाचं बुटकं तर एक. बायका तुम्हाला बोलवायला भांडत होत्या. कुंभार म्हणाला, मडकी सोडून आता नळेच करतो. गावातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं.

मग वरून तपासणी आली.

जीपमधून आलेल्या साहेबांनी पहिलंच घर तुमचं पाहिलं. अंगणात उभे राहून वर बघितलं आणि म्हणाले, "पाइपावर मडकी कुणी लावली?" आत गेले. साच्याचा नकाशा काढला, चुलीशेजारी धरला. मी मागं उभा. तुम्ही चूल पेटवून दाखवायला वाकलात, तर ते म्हणाले, "पेटवायची गरज नाही. नमुन्याप्रमाणे नाही ही." बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. नमुन्याप्रमाणे नसलेल्या चुलींना अनुदान नाही. मार्चअखेरपर्यंत अकराच्या अकरा दुरुस्त करा आणि बाकीच्या एकोणतीस पूर्ण करा, नाहीतर गावच यादीतून काढावं लागेल. आणि मग जाता जाता म्हणाले, "तुमचा मूलच्या बदलीचा अर्ज आहे ना?"

एवढंच. धमकी नव्हती ती. पण मूलला माझी बायको होती, दोन मुली होत्या, धाकटी मला बघून परक्यासारखी आईच्या मागे लपायची. मी जीपच्या मागच्या धुळीत उभा राहिलो आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यापाशी मी गावाचं नाव पुढे केलं. म्हणालो, "बाई, गाव यादीतून जाईल. गरिबांचं नुकसान होईल."

तुम्ही ओसरीत बसून तांदूळ निवडत होतात. हात थांबला.

"तोडू म्हणता?"

"नमुन्याप्रमाणे परत बांधा. तेवढंच."

"भाऊ, तुम्ही इथी बसून जेवले. धूर होता का?"

"नव्हता."

"मंग काऊन तोडून राह्यले?"

"कागदावर बसलं पाहिजे बाई."

तुम्ही सूप बाजूला ठेवलंत. "कागदातल्या घरात धूर नाई भाऊ. आमच्या घरात हाय." एवढं बोलून उठलात, कोपऱ्यातली लोखंडी सब्बल घेतलीत आणि आत गेलात. मला वाटलं होतं, तुम्ही आणखी भांडाल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही भांडला नाहीत. पहिला घाव चुलीच्या तोंडावर घातलात. भागाबाई ओरडली, "काय पडलं वं? काय पडलं?" तुम्ही तिला म्हणालात, "काई नाई मामी. साहेबाले पायजे तशी करून राह्यलो."

त्या दिवसापासून तुम्ही मला पुन्हा साहेब म्हणू लागलात.

मार्चअखेर चाळीसच्या चाळीस घरांवर एकसारखे पाइप उभे राहिले. फोटो निघाला. माझ्या नावानं शाबासकीचं पत्र आलं. तुम्ही फोटोला आला नाहीत, घरी काम आहे म्हणालात.

पाऊस लागला आणि तुम्ही म्हणाला होतात ते सगळं तसंच झालं. उंच आढ्याच्या घरांत धूर मागे फिरला. कवेलू फोडून पाइप वर काढला होता तिथून पाणी गळायला लागलं, चुलीवर, पिठावर, झोपलेल्या मुलांवर. गंज साच्याच्या तोंडावर बसेना, भात कच्चा राहू लागला. एकेका घरातून बायकांनी चूल फोडली, पाइप काढून सांदवाडीत टाकला आणि कोपऱ्यात पुन्हा तीन दगड मांडले. "हिनं आमच्या घराले भोक पाडलं," असं तुमच्या तोंडावर सांगितलं. तुम्ही कुणालाही म्हणाला नाहीत की हे साहेबानं करायला लावलं. एकदा तरी म्हणायचं होतंत.

आषाढातच तुम्ही ऑफिसात आलात. पदर ओला, पायाला चिखल. खुर्ची दिली ती घेतली नाहीत. म्हणालात, "साहेब, माझं एक पत्र लिवा. वरच्या साहेबाले. मी सांगतो तसं लिवा." मी लिहिलं. साचा लहान आहे. पाइप आखूड आहे. जुन्या घरात आढं उंच असतं. घराघरानं माप बदलू द्या, आम्ही करून दाखवतो. तुमची भाषा मी माझ्या सरकारी मराठीत घातली, पण मुद्दे तुमचे होते. शेवटी तुम्ही सही केलीत. "मापं मागून लिवून देईन," म्हणालात, "पहिले उत्तर येऊ द्या."

ते पत्र मी पाठवलं नाही, सुगंधाबाई.

शाबासकीचं पत्र ज्या ऑफिसातून आलं, त्याच ऑफिसात ही तक्रार जाणार. बदलीचा अर्ज तिथंच. मी विचार केला, हुकूम निघाला की पाठवू. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. तुम्ही दर बाजाराच्या दिवशी यायचात, दारातूनच विचारायचात, "उत्तर आलं का साहेब?" मी म्हणायचो, "सरकारी काम, वेळ लागतो." असं पाच-सहा वेळा. मग तुम्ही विचारायचं सोडलंत. तुम्हाला कळलं होतं का? रस्त्यात भेटलात की माझ्याकडे नुसतं बघायचात, मान हलवायचात. त्या बघण्यातून मला काही काढता आलं नाही. मला काढायचंही नव्हतं.

एकदा मी म्हणालो होतो, तुमच्या घरची चूल तरी पहिल्यासारखी करून घ्या. लगेच मीच म्हणालो, पण फेरतपासणी होईपर्यंत थांबा, तुमचं घर यादीत पहिलं आहे. तुम्ही थांबलात. तो सगळा पावसाळा तुम्ही आणि भागाबाई त्या धुरात बसलात. ओलं जळतण, त्यामुळे जास्त धूर, आणि मोळी पुन्हा तीनच दिवस पुरणारी. भादव्यात उघडीप मिळाली की तुम्ही जंगलात जायचात, दोनदा भिजून आलात असं भागाबाई सांगते. ताप आला. डॉक्टर म्हणाले मलेरिया, डोक्यात चढलेला. डासाला काय, तो घरातही चावतो. मी स्वतःला हे समजावतो. पण या वर्षी तुम्हाला एवढ्या वेळा रानात जावं लागलं नसतं, हे मी आता मोजलं आहे.

कुरखेड्याच्या दवाखान्यातून तुम्हाला गडचिरोलीला नेलं. मी बैठकीसाठी तिथं आलो होतो, संत्री घेऊन दवाखान्यात आलो. तुमच्याजवळ तुमची शेजारीण कौसल्याबाई बसली होती. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत. मी ठरवून आलो होतो की पत्राचं खरं सांगायचं. तुमचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं, "बाई, उत्तर आलं."

"काय म्हणते?"

"तुमचं बरोबर आहे म्हणतात."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मग अगदी हळू म्हणालात, "मंग मापं लिवून घ्या."

माझ्या खिशात पेन होतं. कागद नव्हता. मी म्हणालो, "बऱ्या व्हा, मग निवांत लिहू." तुम्ही काहीतरी पुटपुटलात, बोटं चादरीवर हलली, एक, दोन, मग थांबली. कौसल्याबाईनं मला बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गावात परतलो आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याचं कळलं.

माझ्या बदलीचा हुकूम आला आहे. महिनाअखेर मूलला रुजू व्हायचं आहे. हुकूम हातात पडला त्याच दिवशी मी ड्रॉवर उघडला. आता ते पत्र पाठवायला कसलीच हिंमत लागत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. पण मापांशिवाय ते पत्र कुणी वाचणार नाही. वरचा माणूस पहिलं हेच विचारेल, मग किती रुंद, किती उंच? मी तुमच्या अकरा घरांत फिरलो. कुठे तीन दगड, कुठे साच्याच्या चुलीचे तुकडे. कुंभाराला विचारलं. तो म्हणाला, "बाई हात धरून दाखवत होती, मी तेवढा नळा करत होतो. लिवलं कोणं?"

शेवटी काल सकाळी मी भागाबाईकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. जीप, अर्ज, ड्रॉवर, दवाखान्यातलं उत्तर. तुम्हाला सांगायचं ते तिला सांगितलं. आतल्या खोलीत तिनं स्वतःच चाचपडत काहीतरी चढवलं होतं, धूर ओसरीपर्यंत येत होता. मग ती म्हणाली, "माप पायजे तुले? कौसल्येच्या घरी जाय. मांगच्या खोलीत."

कौसल्याबाई मला बघून दारातच उभी राहिली. पुढच्या खोलीत साच्याची चूल होती, नमुन्याप्रमाणे, यादीत चौदावा क्रमांक, मी स्वतः टिक केलेली. तिच्यावर कोरडी टोपली ठेवलेली. मी म्हणालो, "भागाबाईनं पाठवलं." तिनं वाट सोडली.

मागच्या खोलीत, धान्याच्या ढोलीआड, तुमची चूल होती. रुंद तोंड, मागचं तोंड जवळ, भिंतीतून बाहेर गेलेला नळा. त्यावर भात शिजत होता. ढोलीच्या बाजूनं खोलीत बघितलं तर तिथं चूल आहे हे कुणाला कळलंही नसतं, कारण धूर नव्हताच.

"ही केव्हा बांधली?"

"तपासणीच्या मांगून. बाईची तोडली, त्याच हप्त्यात."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

कौसल्याबाईनं लाकूड आत सारलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाईनंच सांगितलं होतं. म्हणे, भाऊले नको सांगजो. त्याचं मन चांगलं हाय, पण तो तोडाले लावन."

मी खिशातून टेप काढली, कागद काढला, आणि तिला विचारलं, "मोजू का?"

तिनं गंजावरचं झाकण उचललं, भात बघितला, परत ठेवलं.

"मोजा," ती म्हणाली. "पण हात नका लावू."